एकशे ऐंशीवी वाटी

दिन्हा पाटकऱ्याने उभ्या जन्मात तलवार हातात धरली नाही. त्याच्या हातात असायची ती तुतीच्या लाकडाची मोगरी, बापाकडून आलेली, मुठीपाशी झिजून बारीक झालेली. फरात नदीचं पाणी जिथे दोन वाटांनी फुटतं तिथल्या दरवाजावर तो बसायचा. एक वाट जुन्या पाटाची, दुसरी पूर्वेच्या पाटाची. तीन दिवस पाणी पूर्वेच्या गावांना, तीन दिवस जुन्या पाटावरच्या गावांना. हा नियम कोणी घातला ते कोणालाच ठाऊक नव्हतं. राजधानीत राजे येत होते आणि मारले जात होते, सिंहासन गरम व्हायच्या आत दुसरा कोणी त्यावर बसत होता, पण पाण्याची पाळी कधी एका वाटीनेही मागेपुढे झाली नव्हती.

ही वाटी तांब्याची, तिच्या बुडाला सुईएवढं भोक. पाण्याने भरलेल्या घंगाळात ती तरंगत ठेवायची. भोकातून पाणी चढत चढत ती बुडाली की एक खडा मडक्यात टाकायचा आणि वाटी उपडी करून पुन्हा सोडायची. दिवसाला साठ खडे, तीन दिवसांचे एकशे ऐंशी. वाटीपाशी दिन्हाचा सासरा झक्काय बसायचा. म्हातारा दोन्ही डोळ्यांनी आंधळा होता. वाटी बुडताना जो बारीकसा आवाज होतो तो त्याला झोपेतही ऐकू यायचा, आणि डोळसांच्या जागेपणापेक्षा गावाचा त्याच्या झोपेवर जास्त भरवसा होता. एकशे ऐंशीवी वाटी बुडाली की तो ओरडायचा, "भरलीऽऽ! पाणी फिरवाऽऽ!" आणि ज्या वाटेची पाळी असेल तिची खुंटी दिन्हा मोगरीच्या एका घावात उडवायचा. खुंटी उडाली की फळ्या सुटायच्या आणि पाणी मोकळं व्हायचं.

बावीस वर्षांत दिन्हाने एकही पाळी चुकवली नव्हती. तापाने फणफणला असताना चुकवली नाही. स्वतःच्या लग्नात, डोक्यावर मुकुट असताना, नवरीला उभी ठेवून गेला होता. त्यावर लोक हसले. पण आई गेली तेव्हा कोणी हसलं नाही. आईला चटईवर ठेवलेली, बायका रडताहेत, दिन्हा तिच्या पायांशी हमसून हमसून रडतोय, आणि तेवढ्यात म्हाताऱ्याची हाक आली. दिन्हा उठला, गेला, खुंटी उडवली, परत येऊन पायांशी बसला आणि पुन्हा रडू लागला. गावाने तोंडात बोटं घातली. कोणी म्हणालं माणूस कर्तव्याचा, कोणी म्हणालं दगडाचा.

धाकटा ब्रीखा तेव्हा सोळा वर्षांचा होता. तो शेवटी म्हणाला, "दादा, वाटी मोठी, आई नाही." मग वर्षभर तो भावाशी बोलला नाही. पुढे बोलायला लागला, एका ताटात जेवायलाही लागला. पण ते वाक्य दोघांमध्ये तसंच पडून राहिलं.

त्या साली पेरणीच्या तोंडावर शहेनशहाचं सैन्य आलं. जुन्या पाटाच्या पलीकडे, वाळवंटाच्या कडेला अरबांनी तळ टाकला होता. सैन्यात हत्ती होते, चिलखती घोडे होते, आणि गावोगावचे ओढून आणलेले शेतकरी होते. त्यांत ब्रीखाही होता. पायदळाने पळू नये म्हणून पाच-पाच जणांच्या घोट्यांना एकच साखळी घातलेली. ब्रीखाच्या साखळीत दोन कुंभार होते, एक मेंढपाळ होता आणि एक जाडजूड रोटीवाला होता. लढाई कशाशी खातात ते पाचांपैकी एकालाही माहीत नव्हतं.

पाटावरचा पूल अरबांच्या ताब्यात होता आणि ते तो देईनात, तेव्हा जुना पाट बुजवून पलीकडे जायचं ठरलं. बांधकामावर गुश्नस्प नावाचा सरदार होता. त्याने दिन्हाला बोलावून घेतलं.

"किती दिवसांत बांध घालशील?"

"सात दिवस लागतील, मालक. काठावरचा हिरवा बोरू तोडायचा, त्याच्या मोळ्या बांधायच्या, थरावर थर चिखल द्यायचा. तो बसायला वेळ घेतो."

"उद्या सकाळी हत्ती पलीकडे पाहिजेत."

"मग सुका बोरू घालाल. हिरवा बोरू बसतो मालक, सुका तरंगतो. त्याला पाणी लागलं की आख्खा बांध उचलला जाईल."

"पाणी लागू नये म्हणून तर तू आहेस," गुश्नस्प म्हणाला. "पाट कोरडा ठेव. एक थेंब आला तर तुझं डोकं याच बोरूत रोवीन."

जुन्या पाटाच्या पाळीचे थोडेच खडे उरले होते; शिपायांनी त्याच्या फळ्या आधीच लावून घेतल्या आणि रातोरात हजारो माणसांनी पाट भरला. लोकांच्या झोपड्यांची छपरं ओढून काढली, गवत, माती, फाटकी खोगिरं, हाताला लागेल ते टाकलं. दिन्हा काठावरून बघत होता. वर छान सपाट दिसणारी ती वाट आतून नुसता भुसा होती. सकाळी तिच्यावरून सैन्य जायला लागलं. दुपार होत आली तेव्हा ब्रीखाची साखळी आली. दिन्हाने वाटेतच त्याचा दंड पकडला.

"ब्रीख्या, परत येताना याच बांधावरून यायचंय. दुसरीकडे पाण्यात उतरू नकोस. साखळीने बुडशील."

"पोहायला मला काय घोट्याला भोपळे बांधलेत?" ब्रीखा हसला, पण त्याचे ओठ सुकले होते. "दादा, पाणी सोडणार नाहीस ना?"

"क्रूसाची शपथ. तू परत येईपर्यंत पाट कोरडा राहील."

ब्रीखा काहीतरी बोलणार होता, पण मागून कोणीतरी ढकललं, साखळी ताणली गेली आणि पाचही जण लंगडत पुढे गेले. त्याच वेळी दरवाजावर पूर्वेची पाळी लागली. मोजणी शून्यावर आली. म्हणजे तीन दिवस पाट हक्काने कोरडाच राहणार होता. दिन्हाला तेवढाच आधार वाटला.

दरवाजा बांधापासून वर कोसभर अंतरावर होता. तिथे गुश्नस्पने दोन शिपाई बसवले आणि झक्कायला सांगितलं, "म्हाताऱ्या, वाटी बंद कर. आता पाळीबिळी काही नाही."

"सूर्याला सांगून आलात का?" म्हाताऱ्याने विचारलं.

"काय?"

"तो थांबला की मीही थांबतो. फळ्या काढायच्या की नाही ते तुम्ही आणि माझा जावई बघा. मी मोजणार. मोजून झालं की ओरडणार. तेवढंच मला येतं."

सरदार हसला आणि निघून गेला. आंधळ्याच्या वाटीशी भांडायला त्याला वेळ नव्हता. खरं तर दिन्हानेच त्या वेळी म्हाताऱ्याला गप्प करायला हवं होतं. ते त्याच्या मनातही आलं नाही. वाटी मोजणं थांबवायचं म्हणजे काय, हे त्याला सुचणंच शक्य नव्हतं.

"एका दिवसाचं काम आहे," शिपाई म्हणाले. "हत्ती बघितलेस ना?"

पहिला दिवस हत्तींचा गेला. त्यांच्या किंकाळ्या दरवाजापर्यंत येत होत्या. दुसऱ्या दिवशी धूळ तेवढी दिसली. तिसऱ्या दिवशी बांधावरून जखमी यायला लागले. दिन्हा प्रत्येकाला अडवून विचारायचा, "पाच जणांची साखळी, एक जाडा रोटीवाला?" कोणी मान हलवायचं, कोणी शिव्या द्यायचं. मडक्यात खडे वाढत होते. शंभर झाले, एकशे वीस झाले.

दिन्हा तीन दिवस झोपला नाही. फळ्यांच्या मागे पाणी तटतटून चढलं होतं आणि फटींतून झिरपत होतं. तो फटी चिखलाने बुजवायचा, मग धावत बांधापर्यंत जायचा, खचलेल्या जागी माती टाकायचा, ब्रीखाची चौकशी करायचा आणि पुन्हा दरवाजावर यायचा. बायको शोशन भाकरी आणि खजूर घेऊन मागे मागे फिरायची.

"अहो, घटकाभर आडवे व्हा. मी बसते ना इथे."

"तो आल्यावर झोपेन."

"तुमचे डोळे बघा, लाल झालेत."

"शोशन, मी शपथ घेतलीय."

तिकडे बेथ-नूना गावचे लोक येऊन बसले होते. जुन्या पाटावर शेवटचं गाव त्यांचं. त्यांचं बियाणं भिजवून ठेवलेलं, कोंब फुटायला आलेले. ते नुसते मडक्याकडे बघत बसले, कारण पुढची पाळी त्यांची होती. दिन्हाला त्यांच्याकडे बघवेना. एक म्हातारी हळूच म्हणाली, "तुझा बाप असता तर?" दिन्हाने फटीत चिखलाचा आणखी एक गोळा दाबला. बाप असता तर काय केलं असतं ते त्याला चांगलं ठाऊक होतं.

चौथ्या दिवशी सकाळी दोन्ही शिपायांना पलीकडे बोलावणं आलं आणि ते गेले. बेथ-नूनाचे लोकही घाबरून पांगले. रात्रभर लढाई थांबलीच नव्हती, सगळ्यांनी ऐकली होती. उन्हं चढली तसा पश्चिमेकडून वारा सुटला, वाळू घेऊन. आभाळ पिवळं झालं. दहा पावलांवरचं दिसेना. शोशन वाऱ्यात छप्पर सांभाळायला घराकडे पळाली.

दिन्हा जुन्या पाटाच्या खुंटीला टेकून बसला. मोगरी मांडीवर. डोक्यावर फडकं घेतलं, डोळ्यांत वाळू जाऊ नये म्हणून. फक्त त्यासाठी.

"भरलीऽऽ! पाणी फिरवाऽऽ!"

दिन्हा उठला. मोगरी वर गेली, खाली आली. टण्! एकाच घावात खुंटी उडाली, फळ्या सुटल्या आणि तीन दिवस कोंडलेलं पाणी धाडकन जुन्या पाटात कोसळलं. त्या आवाजाने तो जागा झाला.

आधी त्याला कळेचना. हातात मोगरी होती, पायांशी पाणी घुसळत होतं. मग कळलं, आणि त्याच्या तोंडून जनावरासारखा आवाज निघाला.

"काय झालं रे?" झक्काय घंगाळापाशी चाचपडत उभा राहिला. "दिन्हा? तू काढलीस?"

"मामा, मी... मी झोपेत..."

म्हाताऱ्याने घंगाळाची कड धरली. "अरे देवा. मी नुसता ओरडलो रे. मला वाटलं, तू थांबवशील."

फळ्या परत बसवता येत नव्हत्या. पाणी उतरायला निदान दहा वाट्या लागल्या असत्या, तोवर वाहत्या पाण्यात फळी धरणं म्हणजे हात तोडून घेणं. दिन्हाला एवढंच आठवलं की कोरड्या पाटात पाणी आधी जमीन पितं, भेगा भरतं, मग पुढे सरकतं. माणूस जिवाच्या आकांताने धावला तर त्याच्या पुढे जाऊ शकतो. मोगरी टाकून तो पाटाच्या काठाने धावत सुटला.

कोसभर वाट. वाळू तोंडावर येत होती. उजव्या हाताला पाटात फेसाळलेली पाण्याची जीभ सरकत होती. पालापाचोळा, काटक्या, मेलेले बेडूक पुढे ढकलत येत होती. तो तिला मागे टाकायचा, धाप लागून थांबायचा, की ती पुन्हा शेजारी यायची. एकदा तो पडला. उठला तेव्हा ती पुढे गेली होती. मग त्याने वहाणा भिरकावल्या आणि तोंडाने ब्रीखाचं नाव घेत पुन्हा तिला गाठलं.

तो बांधाशी पोचला तेव्हा पलीकडचं सैन्य फुटलं होतं. सेनापती पडला अशी आरोळी उठली होती आणि वाळूच्या ढगातून माणसं नुसती बाहेर पडत होती. घोडे, पायदळ, साखळ्यांसकट पाच-पाच, दहा-दहा जण, सगळे एकाच अरुंद वाटेवर. बांध माणसांनी काळा झाला होता.

"पाणी! पाणी येतंय! मागे फिरा!"

त्याचा आवाज वाऱ्याने त्याच्याच तोंडात परत कोंबला. ज्यांना ऐकू गेलं त्यांनाही मागे फिरायला जागा नव्हती. तो बांधावर उतरून लोकांना ढकलू लागला. एकाने ढालीने त्याला काठावर उडवलं. एका साखळीत त्याला जाडा माणूस दिसला. तो किंचाळला, "ब्रीख्या!" त्या माणसाने वळून पाहिलं. तो कोणी दुसराच होता.

मग पाणी आलं. त्याने बांधाला धडक दिली नाही. ते खालून शिरलं, आणि सुका बोरू त्याच्या स्वभावाप्रमाणे तरंगला. आख्खी वाट माणसांसकट वर उचलली गेली, थरथरली आणि सुटी झाली. ते दिन्हाने पाहिलं. पुढचं त्याने आयुष्यात कोणाला सांगितलं नाही, म्हणून मीही सांगत नाही.

तीन दिवस तो काठाकाठाने फिरत होता. घोट्यांना साखळी असलेलं प्रत्येक प्रेत उलटं करून बघत होता. बेथ-नूनाच्या शेतांत सऱ्यांमधून पाणी आलं ते माणसं घेऊन आलं. ज्या पाण्यासाठी ते तीन दिवस मडक्याकडे बघत बसले होते त्याला त्यांनी शेतांचे बांध फोडून वाळवंटात सोडलं आणि भिजलेलं बियाणं शेळ्यांना घातलं. एरवी पाण्यावरून काठ्या निघायच्या, या वेळी कोणी भांडलं नाही. पाळी वाया गेली, आणि असं पहिल्यांदाच झालं. लोक म्हणाले, वाऱ्याने बांध मोडला. अरब म्हणाले, देवाने मोडला. दिन्हाला कोणी विचारलंच नाही.

तिसऱ्या दिवशी तो दरवाजावर येऊन बसला. शोशन जवळ आली, तिने पाण्याचा पेला पुढे केला. त्याने तोंड फिरवलं. म्हातारा वाटीपाशी होता. तो मोजत होता.

दुपारी काठावरून कोणीतरी लंगडत येताना दिसलं. घोट्याला चिंध्या गुंडाळलेल्या, हातात झाऊच्या झाडाची काठी. शोशनने आधी ओळखलं. तिच्या हातातला पेला पडला.

"वहिनी, काही खायला आहे का?" ब्रीखा म्हणाला. "अरबांनी सोडलं. आधी बांधून घेऊन गेले, मग हात बघितले. म्हणाले शेतकरी आहात, जा, पेरणी करा. साखळी त्यांच्याच लोहाराने तोडली, अर्धी कातडी घेऊन."

 दिन्हाने भावाचे पाय धरले, त्या चिंध्यांसकट, आणि रडू लागला. "कुठे होतास रे? कुठून आलास? बांधावर तर..."

"बांधावर गेलोच नाही." ब्रीखा त्याच्याजवळ खाली बसला. "पळापळ झाली तेव्हा बाकीचे चौघे बांधाकडे ओढायला लागले. मी झाऊच्या बुंध्याला मिठी मारली, म्हटलं हलायचं नाही. रोटीवाल्याने माझ्या पाठीत गुद्दे घातले. मेंढपाळ चावला. म्हटलं मारा, चावा, पण आज दुपारी पाणी सुटणार आहे."

दिन्हाने मान वर केली. "मी शपथ घेतली होती तुझ्यापाशी."

"घेतली होतीस."

"मग? तुला वाटलं, तू पलीकडे असताना मी पाणी सोडेन?"

ब्रीखाने घोट्याची सुटलेली चिंधी पुन्हा गुंडाळली.

"मी झोपेत होतो, ब्रीख्या," दिन्हा म्हणाला. "देवाशप्पथ. हाक आली आणि हाताने..."

"ठाऊक आहे मला. जागा असतास तर तू मान दिली असतीस, पण खुंटी उडवली नसतीस. पण तीन दिवस तू जागा राहशील हे मला पटेना. मी वाळूत खडे मांडून मोजत होतो." तो थांबला. "आई गेली त्या दिवशी तू परत येऊन बसलास, तेव्हा मी तुला विचारलं होतं, दादा कुठे गेला होतास? तू म्हणालास, मी? मी तर इथेच आहे. मला वाटलं खोटं बोलतोयस. तीच गोष्ट मी दहा वर्षं धरून बसलो होतो. परवा झाऊला धरून बसलो तेव्हा कळलं, तुला खरंच ठाऊक नव्हतं."

दिन्हाला ते आठवत नव्हतं. आजही नाही, असं तो म्हणाला. तो भावाच्या खांद्यावर डोकं ठेवून बसून राहिला. ते चौघे आणि हा एक वाचले, त्याला काय म्हणावं ते त्याला कळेना. बांधावरचे लोक गेले, त्याला काय म्हणावं ते तर त्याहून नाही.

मागे घंगाळात वाटी बुडाली. झक्काय उभा राहिला. त्याने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. आणि अगदी हळू आवाजात, विचारल्यासारखं म्हणाला, "भरली."

दिन्हाचा हात उठला नाही. त्याने दोन्ही हात काखेत घट्ट दाबून धरले आणि डोळे मिटले.

ब्रीखाने काठी बाजूला ठेवली. मोगरी जिथे पडली होती तिथे, वाळूत अर्धी गाडलेली होती. त्याने ती उचलली, वाळू झटकली, लंगडत पूर्वेच्या खुंटीपाशी गेला आणि भावाकडे वळून म्हणाला, "दादा, डोळे उघड. तू बघत असशील तरच मारतो."

दिन्हाने डोळे उघडले.